द्राक्षाच्या मांडवाचं खुराडं

माझा धंदा ब्लाउज शिवायचा. मखमलाबादला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन आहेत, एक साधी आणि एक पिको-फॉलची, आणि गेली बावीस वर्षं गळ्यात इंच टेप आहे. मंगळसूत्र मी कधीमधी काढून ठेवते, टेप नाही. त्यामुळे परसातलं कोंबड्यांचं खुराडं मी बांधलं म्हटलं की गिऱ्हाईक बायका आधी हसतात, मग ब्लाउजची पिशवी हातात धरून मागच्या दारापर्यंत येतात, आणि निघताना हळूच विचारतात, "खर्च किती आला हो?" हा प्रश्न इतक्यांदा झालाय की आता एकदाच सगळं लिहून टाकते.

सुरुवात कोंबडीपासून नाही झाली, लोखंडापासून झाली. दीड वर्षापूर्वी एप्रिलात निफाडकडच्या आमच्या धाकट्या दिरांनी बाग तोडली. थॉमसन जातीच्या द्राक्षांची, चौदा वर्षांची. लागोपाठ दोन हंगाम अवकाळीने नेले, मणी तडकले, तिसऱ्याची हिंमत त्यांच्यात उरली नाही. बाग तोडणं म्हणजे काय ते नाशिककडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. खरं तर धीर द्यायलाच. वेली उपटून बांधावर ढीग घातलेला, आणि रानात नुसता मांडव उभा होता, वायच्या आकाराचे लोखंडी अँगल आणि तारा. भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. सगळे गप्प बसलेले असताना मी बाई उठून अँगलला टेप लावला. यांनी डोळे वटारले. पण दीरच म्हणाले, "वहिनी, लागतील तेवढे न्या. भंगारात जाण्यापेक्षा बरं."

चौदा अँगल, तारेचं एक भेंडोळं, पाखरांसाठी लावलेल्या नायलॉन जाळीचा एक गुंडाळा आणि दोन जुने प्लॅस्टिक क्रेट. टेम्पोचे सहाशे रुपये गेले, बाकी काही नाही. अँगलवर बोर्डो फवारणीचे निळसर डाग होते, मोरचुदाचे. ते मी अंगणात दोन वेळा घासून धुतले. औषधाचे रिकामे डबेही तिथे दहा-बारा पडलेले होते, आणि झाकणाचा दणकट डबा बघून यांना वाटलं, कोंबड्यांच्या पाण्याला छान होईल. मी ते टेम्पोत चढू दिले नाहीत. कितीही धुतला तरी औषधाचा डबा तो औषधाचाच.

आमच्या सासूबाईंना हे सगळं थोतांड वाटत होतं. त्यांचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. तिथे कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, आणि दिवेलागणीला डालग्याखाली. डालगं म्हणजे बांबूची उपडी टोपली, वर एक दगड. "आमच्या आईने उभ्या जन्मात खुराड्याला रुपया घातला नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "आणि आई, वर्षाला किती कोंबड्या जायच्या?" त्यावर त्या जरा थांबल्या. "जायच्या की. मोजतंय कोण." मला मोजायच्या होत्या, कारण हरसूलच्या बाजारातून तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, आणायच्या तर त्या फुकट येत नाहीत.

माप आधी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी सरळ जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: रात्री आत झोपायला एका कोंबडीला दोन चौरस फूट, बाहेर फिरायला आठ ते दहा चौरस फूट, दांडीवर बसायला आठ इंच. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांत मिळून फूटभर रुंदीचं एक घरटं पुरतं. मला पाळायच्या होत्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. नऊ दुणे अठरा. मी चोवीस चौरस फूट धरले, सहा बाय चार. ब्लाउजला आपण आतून मार्जिन सोडतो ना, अंग वाढतंच म्हणून, तसं. बाहेरचं आवार बारा बाय आठ. वर्तमानपत्राच्या कागदावर फुटाला एक इंच धरून मी सगळ्या बाजू कापल्या, टाचण्या लावून उभं केलं आणि ते घेऊन गल्लीतल्या वेल्डरकडे गेले. तो म्हणाला, "ताई, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं." कापणं आणि जोडणं मिळून त्याने नऊशे घेतले.

लांब बाजू पूर्व-पश्चिम. हे मात्र डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. तशी ठेवली की उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडतं, आतपर्यंत येत नाही. आमच्याकडे पाऊसही पश्चिमेकडूनच झोडपतो, म्हणून पश्चिमेची बाजू पूर्ण पत्र्याने बंद केली. उत्तरेला आमची कंपाउंडची भिंत. खुराडं तिच्यापासून दीड फूट सोडून उभं केलं, नाहीतर मागे झाडायला हात जात नाही आणि त्या फटीत घुशी राहायला येतात. खुराड्याचे पाय दोन फूट उंच ठेवले. खाली सावली होते आणि दुपारी सगळ्या तिथेच माती उकरत पडलेल्या असतात. म्हणजे ती दोन फुटांची उंची फुकटची दुसरी खोलीच झाली.

पत्रा अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगारातून. एकवीस किलो, किलोला चाळीस, आठशे चाळीस रुपये. भोकं पडलेला पत्रा घ्यायला लाजू नये, भोकं छपरात न येता उभ्या बाजूंना जातील असं कापून घ्यावं. आपण कापडाचा डाग शिलाईत घालतोच की. लाकडी पॅलेट यांच्या सातपूरच्या कंपनीच्या भंगारातून चार, शंभराला एक. परदेशी माल ज्यावर येतो त्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यावर एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं, एमबी असेल तर विषारी वायू देऊन. मी एचटीचीच उचलली. फळ्या सुट्या करताना एकही सरळ निघाली नाही, तो कार्यक्रम दोन रविवार चालला आणि त्याबद्दल आमच्या घरात अजून बोललं जात नाही.

घरटी म्हणजे ते द्राक्षाचे दोन क्रेट, पुढची बाजू कापलेली. आत तूस आणि वर सुकं गवत. पुढे मी अस्तराच्या उरलेल्या कापडाचे पडदे शिवले, मरून रंगाचे, खाली चुणी घालून. मुलगा म्हणाला, "आई, कोंबड्यांना पडदे?" अरे, कोंबडीला अंडं घालायला अंधार आणि आडोसा लागतो. उजेडात अंडं दिसलं की टोच मारायची सवय लागते, आणि एकीला लागली की सगळ्यांना लागते. घरटी दांडीपेक्षा खाली हवीत, हेही शिकले. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा धरते, आणि झोपेतच सगळ्यात जास्त घाण करते. घरटं उंच असेल तर ती त्यातच झोपणार. सुरुवातीला कळावं म्हणून दोन्ही क्रेटमध्ये टेबल टेनिसचा एकेक चेंडू ठेवला होता. कळलं. पण दोन घरटी असून सगळ्या जणी डावीकडच्याच क्रेटमध्ये अंडं घालतात. एक आत बसलेली असते आणि दोन बाहेर रेशनच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या. उजवीकडच्यात काय खोट आहे ते मला आजवर समजलेलं नाही.

दांडीच्या बाबतीत मी शहाणपणा केला. दिरांच्या बांधावरची द्राक्षाची दोन जाड खोडं आणली होती. दिसायला इतकी सुंदर, वळणदार. तीच दांडी म्हणून लावली. फोटो काढून बहिणीला पाठवला. दोन महिन्यांनी कोंबड्या रात्री दांडीवर चढेनात, अंधार झाला तरी खालीच घुटमळायच्या. एका रात्री बॅटरी घेऊन बघितलं तर खोडाच्या सालीतून बारीक लाल किडे रांगेने निघालेले. द्राक्षाची साल पट्ट्यापट्ट्याने सुटते. त्या फटीत ते दिवसभर लपतात आणि रात्री वर येऊन रक्त पितात. साल पूर्ण सोलली, खोड उन्हात तापवलं, फटीफटीत कडुलिंबाचं तेल चोळलं, तरी महिनाभर काही ना काही सापडतच होतं. शेवटी खोड चुलीत गेलं. आता पॅलेटची दोन इंच रुंद पट्टी आहे, वरच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केलेल्या. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही.

आता जुलै. इथे माझी पहिली मोठी चूक. पत्र्याचा उतार मी दक्षिणेला दिला होता, म्हणजे सगळं पाणी आवारात. कागदाच्या नमुन्यावर पाऊस पडत नाही, त्यामुळे लक्षात आलं नव्हतं. झड लागली आणि चार दिवसांत आवाराचा चिखल झाला. कोंबड्या एका पायावर उभ्या. ओल्यात राहिल्या की पोटाचे रोग होतात, रक्ताची हगवण होते, हे माहीत होतं, म्हणून घाबरले. चार इंची जुना पीव्हीसी पाइप उभा चिरून पत्र्याच्या कडेला पन्हाळ बांधली आणि तिचं तोंड ड्रममध्ये सोडलं. आवारात आठशे रुपयांचा मुरूम टाकून जमीन चार-पाच इंच वर उचलली, उतार कंपाउंडच्या उलट बाजूला. मुरूम आधीच टाकला असता तर कोरड्यात टाकता आला असता. चिखलावर टाकलेला निम्मा चिखलात गेला.

आत जमिनीवर पॅलेटच्या फळ्या आणि त्यावर भाताचं तूस, चार बोटं जाड. घोटीला भाताच्या गिरण्या आहेत, तिकडून येणाऱ्या ओळखीच्या गाडीवर पाच गोण्या मागवल्या, अडीचशे रुपये. आठवड्यातून दोनदा खुरप्याने खालचं वर करायचं, ओलं दिसेल तिथे मूठभर चुना भुरभुरायचा आणि नवीन तूस टाकायचं. सगळं काढणं तीन-चार महिन्यांतून एकदा. वास येतो का, असं प्रत्येक जण विचारतो. वास आला तर तो ओलाव्याचा असतो. मी रोज सकाळी दार उघडलं की वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक नेते. डोळ्यांना झोंबलं तर कुठेतरी ओल आहे, पाण्याचं भांडं सांडलंय नाहीतर पत्रा ठिबकतोय. काढलेलं तूस ताजं झाडांना घालू नये, जाळतं. मी ते कोपऱ्यात तीन महिने कुजवते. आमच्या कढीपत्त्याला यंदा कोणाची दृष्ट लागेल अशी पालवी आहे.

सप्टेंबरची गोष्ट सांगायची टाळत होते, पण ती सांगितल्याशिवाय बाकीच्या हिशोबाला अर्थ नाही.

पितृपक्ष चालू होता. नवरात्राच्या ऑर्डरी अंगावर आलेल्या, नऊ रंगांचे नऊ ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका आमच्या गल्लीत तीन आहेत. मी रात्री एकपर्यंत मशीनवर होते. तीनच्या सुमारास मागून एकदा कलकलाट झाला आणि लगेच थांबला. मला जाग आली. मी ऐकलं. थांबला म्हणून कूस बदलून झोपले. सकाळी दार उघडलं तर कवडी, माझी सगळ्यात पहिली अंडं घालणारी, जाळीला टेकून पडलेली. मान नव्हती. बाकीचं अंग आत जसंच्या तसं. शेजारी दुसरी एक, छातीवर ओरबाडलेली, ती दुपारपर्यंत जगली.

झालं काय होतं, तर खिडक्यांना मी षटकोनी कोंबडी जाळी लावलेली, चार फुटी गुंडाळी अकराशेला मिळते ती. आणि दांडी जाळीपासून जेमतेम तीन इंचांवर. झोपलेली कोंबडी जाळीला टेकणार, आणि बाहेरच्याने जाळीची पिळलेली बारीक तार पंज्याने फाकवून तिची मान बाहेर ओढली. त्याला आत यायची गरजच पडली नाही. सासूबाईंनी उकिडवं बसून सगळं नीट बघितलं, मातीवरचे ठसे बघितले, आणि म्हणाल्या, "उदमांजर. नाहीतर मोठा बोका. मुंगूस दिवसा येतं." मग थोड्या वेळाने, "डालगं असतं तर जाळीच नसती." त्यावर मी काही बोलले नाही. त्यांनीच परसात खड्डा खणला, मला खणू दिला नाही.

आणि मुंगूस दिवसा आलंच, पंधरा दिवसांनी. भर दुपारी, आवाराच्या खालच्या कडेने, जिथे पावसाने माती धुऊन तीन बोटांची फट झाली होती तिथून. कोंबड्याने असा गदारोळ केला की मी कात्री हातात घेऊनच धावले. ते पळालं. एका तलंगीची शेपूट तेवढी गेली.

त्यानंतर मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी, घेतली. तीन फूट रुंद, पन्नास फूट लांब, दोन हजार सातशे पन्नास. सगळ्या खुराड्यात एवढी महागाची वस्तू दुसरी नाही, आणि तीच मी पहिल्या फेरीत वाचवायला गेले होते. त्यातली अठ्ठावीस फूट आवाराच्या तीन बाजूंना लागली, चौथीला भिंत आहे. तीन फुटांपैकी दोन फूट उभी, आणि उरलेली एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी दुमडलेली, वर मुरूम आणि दगड. साडीला खालून फॉल लावतो तशी. उकरणारं जनावर नेहमी जाळीच्या बुडाशी येऊन उकरतं. तिथे पंज्याला पुन्हा जाळीच लागते, आणि फूटभर मागे सरकून उकरायला सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. खोल चर खणून जाळी पुरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आमच्या मुरमाड जमिनीत तर फारच. उरलेली बावीस फूट खुराड्याच्या खिडक्यांना, खिळे ठोकून नव्हे तर पत्र्याच्या पट्ट्या वर दाबून, स्क्रूने. खिळा ओढला की निघतो. काढलेली षटकोनी जाळी वाया गेली नाही, ती आवाराच्या वरच्या अर्ध्या भागाला लावली. अगदी वर छताला दिरांची तार आणि नायलॉनची जाळी, घारीसाठी. दांडी जाळीपासून फूटभर आत घेतली.

दाराला आधी लाकडी खिट्टी होती, फिरवायची. ती कुत्र्याने नाकाने ढकलली तरी फिरते. आता कडी-कोयंडा आहे आणि कोयंड्यात एक खिळा अडकवलेला. पस्तीस रुपयांची वस्तू. रात्री साडेसातला मी स्वतः जाऊन हाताने चाचपते. यांना सांगितलं तर हे "लावली असेल" म्हणतात. त्या "असेल"वर माझा विश्वास नाही.

आमच्या मळ्यांच्या बाजूला बिबट्याची बातमी मधूनमधून येते. बायका विचारतात, बिबट्या आला तर? आला तर या अँगलचा काही उपयोग नाही, आणि मी बघायलाही जाणार नाही.

थंडीत मी उलटी चूक करता करता राहिले. निफाड गारठलं की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा पेपरात येतो आणि तो वाचूनच आपल्याला हुडहुडी भरते. डिसेंबरात मी चारी बाजूंना गोणपाट लावून खुराडं गच्च बंद केलं. सकाळी पत्र्याच्या आतून पाणी ठिबकत होतं, कोंबड्यांच्या श्वासाचंच, आणि वास डोळ्यांत जात होता. कोरडी कोंबडी पिसं फुगवून थंडी काढते. तिला सोसत नाही ती ओल आणि अंगावरचा वारा. म्हणून आता दांडीच्या उंचीपर्यंतच गोणपाट, आणि पत्र्याखालची सहा इंचांची जाळीची पट्टी बाराही महिने उघडी. अंडी मात्र त्या महिन्यात कमी झाली, तीन-चारच. दिवस अकरा तासांवर येतो आणि कोंबडीला भरपूर अंडी घालायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. मुलगा म्हणाला, बल्ब लावू. मी म्हटलं, मी रात्री एकपर्यंत बल्बखाली बसते तेवढं पुरे, त्यांना झोपू दे.

उन्हाळ्याला पत्र्यावर चुना फासला आणि वर उसाचं पाचट पसरून जुन्या नायलॉन जाळीने बांधलं. पाचट दिरांकडचंच, त्यांच्या शेजाऱ्यांच्या उसाचं. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकणं एवढाच तिचा उपाय. त्यामुळे दुपारी दोन खिडक्यांवर ओलं गोणपाट आणि पाण्याची भांडी दोन. पाचटाने आत हात लावून कळेल इतका फरक पडतो. पण मृगाच्या आधी ते काढून टाकावं लागतं. पावसात कुजतं, आणि त्याआधीच उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप येतो. आम्ही काढलं त्या दिवशी एक धामण निघाली. सासूबाई म्हणाल्या राहू द्या, उंदीर खाते. मी म्हटलं अंडी पण खाते.

दाणा-पाणी पत्र्याखालीच, आवारात उघड्यावर नाही. कावळे-चिमण्या दाण्याला आल्या की त्यांचं सगळं आपल्या कोंबड्यांना मिळतं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता ते मला चांगलं आठवतं, तेव्हा मी नुकती मशीन घेतली होती आणि इथे नाशिकला कोणी अंड्याला हात लावत नव्हतं. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस आम्ही तीन घरं मिळून आणतो. आम्हाला मिळते ती बाटली शंभर कोंबड्यांची, आणि तिघींच्या मिळून एकतीस. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, कालवली की तास-दोन तासांत संपवायची, म्हणून त्या दिवशी तिन्ही घरांच्या कोंबड्या पहाटे अंधारातच दांडीवरून उचलतो. अंधारात कोंबडी भांडत नाही.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. टेम्पो सहाशे, वेल्डर नऊशे, पत्रा आठशे चाळीस, पॅलेट चारशे, षटकोनी जाळी अकराशे, वेल्डमेश दोन हजार सातशे पन्नास, बिजागऱ्या-कडी-स्क्रू-बाइंडिंग तार चारशे साठ, तूस अडीचशे, मुरूम आठशे. एकूण ८,१०० रुपये. तयार खुराडं याच मापाचं मला अठरा हजारांना सांगितलं होतं, आणि त्यालाही षटकोनी जाळीच होती. अँगल विकत घ्यावे लागले असते तर माझा आकडा वाढला असता हे खरं, पण बांबूवरही होतं, शेजारच्या वहिनींनी केलंय. त्यांना मी एवढंच सांगितलं की जाळी माझ्यासारखी दोनदा घेऊ नका. कवडी आणि तिची जोडीदारीण मी या हिशोबात धरलेल्या नाहीत.

याच वहिनी आधी कोंबड्याच्या आरवण्यावरून कुरकुरत होत्या. पहाटे साडेचारला सुरू होतो तो. मी दर रविवारी सहा अंडी द्यायला लागले. नंतर एकदा कोंबडा दोन दिवस आजारी होता तर त्या भिंतीवरून विचारायला आल्या, "आज ओरडला नाही?"

सध्याची भानगड वेगळी आहे. तांबडी खुडूक झालीय. डावीकडच्या क्रेटमध्ये बसून आहे, हात घातला की फुगून टोचते, आणि बाकीच्या जणींची रांग नाइलाजाने उजवीकडे वळलीय. सासूबाईंनी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली, मोजून, कारण नऊच तिच्या पंखांखाली मावतात म्हणाल्या. एकवीस दिवस लागतात, आज सतरावा. पिल्लांना मोठ्या कोंबड्यांत सोडता येणार नाही, आणि षटकोनी जाळीतून तर ती सरळ बाहेर चालत जातील. तेव्हा खुराड्याखालच्या त्या दोन फुटांत एक छोटा कप्पा काढायचाय, तीन बाय दोन, वेल्डमेशचा, वरून उघडणारा. जाळीचे तुकडे आहेत. सासूबाईंनी माळ्यावरून एक डालगं काढून, धुऊन, उन्हात उपडं घातलंय आणि त्यावर दगडसुद्धा ठेवलाय, काही न बोलता.

मी माप घ्यायला निघाले तर गळ्यात टेप नाही. सकाळी खुराड्यातच राहिला बहुतेक.